दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं धांवणारे पाय



आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत अंध-पंगु-न्याय म्हणून एक दृष्टांत आहे. आंधळ्याला पाय आहेत पण वाट दिसत नाहीं; पांगळ्याला वाट दिसते पण चालतां येत नाहीं. आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो आणि दोघेही इष्ट स्थळीं पोहोंचतात. सांख्य तत्त्वज्ञांनीं प्रकृति व पुरुष यांचा संबंध समजावून सांगण्याकरितां हा दृष्टांत योजला. परंतु गेल्या अर्धशतकांत जगाच्या व्यवहारांत या न्यायाची एक निराळीच आवृत्ति निघाली आहे. तींत पाय एका देशांत धांवतात आणि डोळे दुसऱ्याच देशांत उघडतात. धांवणारा लंडनचा किंवा सिडनीचा. पाहूं लागणारी म्हातारी नेपाळांतील एखाद्या डोंगरकपारीची. दोघांची गांठ कधीं पडत नाहीं, एकमेकांचें नांवही त्यांस ठाऊक नसतें. हा व्यवहार कसा उत्पन्न झाला, तो कसा चालतो, आणि त्यांत खरें किती व देखावा किती, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

खेळ आणि दानधर्म यांची सांगड मुळांत नवी नाहीं. इंग्लंडांत १८९८ सालीं लंडनच्या शेरिफांच्या नांवाची एक ढाल धर्मादाय फुटबॉल-सामन्यासाठीं ठेवण्यांत आली. १९०८ सालीं तिची जागा फुटबॉल असोसिएशनच्या ‘चॅरिटी शील्ड’ सामन्यानें घेतली. अशा सामन्यांत प्रेक्षक तिकीट काढी, खेळ पाही, आणि तिकिटांचा पैसा धर्मकार्याला जाई. देणाऱ्याच्या पदरीं दोन घटकांची करमणूक पडे. हें दान खरें, पण त्याला मोबदल्याचें अस्तर लावलेलें असे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत मात्र एक वेगळी रीत रूढ झाली. कोणी कारकून, कोणी शिक्षिका, कोणी विद्यार्थी एक छापील कागद घेऊन आपल्या आप्तेष्टांच्या दारीं जातो आणि म्हणतो, “मी वीस मैल चालणार आहें. मैलामागें तुम्ही काय द्याल?” त्याचें चालणें पाहावयास कोणी जाणार नसतें. तो कांहीं नामांकित खेळाडू नव्हे. कदाचित् सर्वांच्या शेवटीं धापा टाकीत पोहोंचणारांपैकीं असेल. तरीही लोक कागदावर आंकडा घालतात. कां घालतात? याचें उत्तर आपणां मराठी माणसांस शोधावयास फार दूर जावें लागूं नये. नवस फेडण्याकरितां अनवाणी जाणारा माणूस, किंवा ऊन-पाऊस न पाहतां पंढरीची वाट चालणारा वारकरी, आपल्या ओळखीचा आहे. शब्दाला शरीरश्रमाचें तारण दिलें म्हणजे त्या शब्दाची पत वाढते, ही गोष्ट आपणांस उपजतच कळते. वारींत मागणें देवापाशीं असतें वा कांहींच मागणें नसतें. येथें मागणें शेजाऱ्यापाशीं असतें, एवढाच भेद.

या रीतीचें सामर्थ्य जगाला दाखवून दिलें तें कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणानें. कर्करोगामुळें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. १९८० सालच्या एप्रिलमध्यें कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडण्यास निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवला. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळें त्याला थांबावें लागलें, आणि पुढच्या वर्षीं तो वारला. कर्करोगाच्या संशोधनाकरितां त्यानें उभारलेला निधि हें एक कार्य झालें. परंतु सामान्य माणसाच्या धांवण्याला त्यानें जो अर्थ प्राप्त करून दिला तें त्याहून मोठें कार्य होय. त्याच १९८१ सालीं लंडनची मॅरेथॉन सुरू झाली, आणि पुढें निरनिराळ्या लोकोपयोगी संस्थांकरितां निधि गोळा करणाऱ्या हजारों धांवपटूंचा ती वार्षिक मेळाच बनली.

आतां डोळ्यांकडे वळूं. जगांतील अंधत्वाचें सर्वांत मोठें कारण मोतीबिंदु हें आहे. बाहुलीच्या मागें निसर्गानें एक पारदर्शक भिंग बसविलेलें असतें. वय वाढलें म्हणजे तें हळूहळू गढूळ होतें आणि प्रकाश आंत जाईनासा होतो. सुश्रुतसंहितेंत या व्याधीवरील शस्त्रक्रियेचें वर्णन आहे. नंतरच्या अनेक शतकांत जगभर जी रीत चालली तींत सुईनें तें भिंग वाटेंतून बाजूला सारीत असत. १७४७ सालीं जाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें तें डोळ्याबाहेर काढण्याची क्रिया केली. पण भिंग काढल्यावर डोळा राहतो तो भिंगावांचूनच. त्याची भरपाई म्हणून रोग्याला बाटलीच्या बुडासारख्या जाड कांचांचा चष्मा लावावा लागे. त्यांतून समोरची वस्तु वाजवीपेक्षां मोठी दिसे, कडेचें दिसत नसे, आणि चष्मा फुटला कीं मनुष्य पुन्हां जवळजवळ आंधळा होई. खेड्यांतल्या म्हातारीचा चष्मा फुटल्यावर तिला दुसरा कोण आणून देणार?

या अडचणीवरचा उपाय युद्धांतून निघाला. १९४० सालीं ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या झांकणाच्या पारदर्शक कचकड्याचे कण शिरलेले असत. लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडले यांच्या लक्षांत आलें कीं, हे कण डोळ्यांत राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध पेटून उठत नाहीं. त्याच जातीच्या द्रव्याचें भिंग करून त्यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं एका रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. त्यांच्या समव्यवसायी मंडळींनीं त्यांना बरीच वर्षें विरोध केला. पण अखेर हीच रीत जगन्मान्य झाली. मात्र जगन्मान्य झाली ती श्रीमंतांच्या जगांत. १९८०च्या सुमारास असल्या एका भिंगाची किंमत शंभर डॉलरांहून अधिक होती. गरीब देशांतील रोग्यांना जाड चष्माच पुरेसा आहे, असें मत त्या काळीं अनेक जाणते लोकही बोलून दाखवीत.

याच्या बरेंच आधीं परदेशस्थ गरिबांच्या नेत्ररक्षणाचें संघटित कार्य उभें राहिलें होतें. त्याचा पाया घालणारे जॉन विल्सन हे स्वतः अंध होते. बाराव्या वर्षीं शाळेच्या प्रयोगशाळेंतील स्फोटांत त्यांची दृष्टि गेली. पुढें ते ऑक्सफर्डला शिकले आणि महायुद्धानंतर आफ्रिका व मध्यपूर्वेचा दौरा करून परतले ते एक निश्चित मत घेऊनच: या प्रदेशांतील बहुतेक अंधत्व टाळतां येण्यासारखें किंवा बरें करतां येण्यासारखें आहे. १९५० सालीं त्यांनीं जी संस्था स्थापन केली ती आज ‘साइटसेव्हर्स’ या नांवानें ओळखली जाते. याच संस्थेच्या पुढाकारानें १९६९ सालीं केनिया, युगांडा व टांझानिया या देशांतील सात अंध तरुण किलिमांजारो पर्वत चढून गेले. त्या पर्वताची उंची ५,८९५ मीटर आहे. अंध मनुष्य हा केवळ कींव करण्याचा विषय नव्हे, हें लोकांच्या मनावर ठसविण्याकरितां त्यांनीं शरीराची भाषा निवडली. व्याख्यानांनीं जें पटवून देण्यास वर्षें लागलीं असतीं तें त्या चढाईनें थोडक्या दिवसांत पटवून दिलें.

परंतु पर्वत, पाय आणि डोळे यांचें खरें त्रिवेणीसंगम-स्थान म्हणजे नेपाळ. १९८१ सालीं तेथें देशव्यापी पाहणी झाली. दर हजारांमागें आठांहून अधिक माणसें आंधळीं असल्याचें आढळलें, आणि त्यांपैकीं सुमारें ऐंशीं टक्के अंधत्व टाळण्याजोगें वा बरें होण्याजोगें होतें. या पाहणीनंतरच्या काळांत संदुक रुइत नांवाचे तरुण नेत्रवैद्य तेथें काम करीत होते. त्यांचा जन्म १९५४ सालीं तिबेटच्या सीमेजवळ, दहा हजार फुटांहून उंच असलेल्या ओलांगचुंगगोला या खेड्यांत झाला. गांवांत शाळा नव्हती. म्हणून लहानपणींच अनेक दिवसांची पायपीट करून ते दार्जीलिंगला शिकावयास गेले. बहिणीच्या क्षयरोगानें झालेल्या मृत्यूनें त्यांना वैद्यकीकडे ओढलें. त्यांचें वैद्यकीय शिक्षण आपल्याच देशांत, लखनौ व दिल्ली येथें झालें.

१९८५ सालीं त्यांची गांठ फ्रेड हॉलोज यांच्याशीं पडली. हॉलोज हे न्यूझीलंडचे. जन्म १९२९चा, पिंड गिर्यारोहकाचा, वाणी फटकळ. सिडनी येथें ते नेत्रवैद्यकाचे अध्यापक झाले. परदेशाचा कैवार घेण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच्या अंगणांत काय जळतें तें पाहिलें होतें. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत खुपरीचा रोग घर करून होता. सुखवस्तु गोऱ्या समाजाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. १९७६ ते १९७८ या काळांत हॉलोज यांच्या पथकांनीं ४६५ वस्त्यांवर जाऊन सुमारें एक लक्ष लोकांचे डोळे तपासले. १९८५ सालीं सरकारनें देऊं केलेला बहुमान त्यांनीं नाकारला. मूळ रहिवाशांच्या डोळ्यांची ही दशा असतांना आपण पदक मिरवावें हें त्यांना रुचलें नाहीं.

रुइत व हॉलोज यांचें एका मुद्द्यावर पूर्ण मतैक्य होतें: गरिबाला दुय्यम प्रतीचा उपचार देणें हा दानधर्म नव्हे. सिडनीच्या रोग्याला जें भिंग मिळतें तेंच काठमांडूच्या रोग्याला मिळालें पाहिजे. भिंग महाग असेल तर तें स्वस्त करण्याची विद्या शोधली पाहिजे. या विचारांतून भिंगाचे कारखाने गरीब देशांतच काढण्याची कल्पना निघाली. तिच्याकरितां हॉलोज यांनीं ऑस्ट्रेलियन जनतेपुढें झोळी पसरली, आणि १९९२ सालीं त्यांच्या नांवाची संस्था स्थापन झाली. त्या वेळीं कर्करोगानें त्यांना ग्रासलें होतें. तरी रुग्णालयांतून उठून ते व्हिएतनामला गेले व तेथील वैद्यांना नवी शस्त्रक्रिया शिकविण्याची व्यवस्था त्यांनीं सुरू केली. १० फेब्रुवारी १९९३ रोजीं ते वारले. पुढच्या वर्षीं, १९९४ सालीं, काठमांडू येथें व एरिट्रियाची राजधानी अस्मारा येथें भिंगांचे कारखाने सुरू झाले. आपल्या मदुरा शहरीं डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्ररुग्णालयानें १९९२ सालींच असा कारखाना काढला होता. या सर्व प्रयत्नांचा परिणाम असा झाला कीं शंभर डॉलरांवरचें भिंग दहा डॉलरांच्या आंत आलें.

शस्त्रक्रियेची रीतही रुइत यांनीं सोपी केली. लहानसा, आपोआप मिटणारा छेद घ्यावयाचा, त्यांतून गढूळ भिंग काढावयाचें आणि नवें बसवावयाचें. टांका नाहीं, महागडें यंत्र नाहीं. २००७ सालीं नेपाळांत केलेल्या तौलनिक अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यंत्रानें केलेल्या आणि या साध्या रीतीनें केलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांत सहा महिन्यांनंतर शेंकडा ९८ रोग्यांना चांगली दृष्टि लाभली होती. मात्र यंत्राला सरासरी साडेपंधरा मिनिटें लागलीं, तर साध्या रीतीला नऊ. खर्चही साध्या रीतीचा पुष्कळच कमी.

श्रोत्यांनीं आतां ताळा करून पाहावा. शस्त्रक्रिया महाग असती तर वीस मैल चालणाऱ्या शिक्षिकेच्या कागदावरील आंकड्यांची बेरीज समुद्रांत टाकलेल्या मुठीसारखी झाली असती. ती स्वस्त झाली म्हणूनच त्या बेरजेला अर्थ आला. हॉलोज यांची संस्था ऑस्ट्रेलियांत अनेक वर्षें सांगत आली कीं, पंचवीस डॉलरांतही एखाद्याची दृष्टि परत आणतां येते. हा आंकडा सामान्य माणसाच्या आवांक्यांतला होता. कारखान्यानें किंमत खालीं आणली आणि लोकांच्या पायांनीं तीवढी रक्कम वर उचलली. या दोहोंपैकीं एक नसतें तर दुसरें लंगडें पडलें असतें.

गिर्यारोहकांचा या कार्याकडे ओढा असावा, हेंही साहजिक होतें. हिमालयांत जाणारा परदेशी मनुष्य ज्यांच्या पाठीवर ओझें देऊन शिखर गांठतो त्यांच्याच घरीं आंधळे आईबाप बसलेले त्याला दिसतात. अमेरिकन डॉक्टर जेफ्री टॅबिन हे १९८८ सालीं एव्हरेस्ट चढले. नेपाळांत त्यांनीं डच वैद्यांच्या पथकाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहिली, आणि आयुष्याचें काम हेंच असें ठरवून ते नेत्रवैद्यक शिकले. १९९५ सालीं त्यांनीं व रुइत यांनीं मिळून हिमालयांतील मोतीबिंदु-निवारणाची संस्था काढली.

पुढें व्यापारी पेढ्याही या वाटेला आल्या. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेला २००३ सालीं दीडशें वर्षें झालीं. त्या निमित्तानें एका नोकरामागें एक याप्रमाणें २८,००० मोतीबिंदूंच्या शस्त्रक्रियांचा खर्च उभारण्याचा संकल्प तिनें सोडला. त्यांतून नेत्ररक्षणाची मोठी योजना वाढली आणि निरनिराळ्या शहरांतील मॅरेथॉन-शर्यतींशीं तिची सांगड घालण्यांत आली. २००४ सालीं सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन २०१७ पर्यंत याच बँकेच्या नांवानें भरत असे. २०२० पर्यंत दहा कोटी डॉलर जमविण्याचें तिचें उद्दिष्ट मुदतीच्या आधींच पुरें झालें. ऑस्ट्रेलियांत २००९पासून सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यानें चौघांचौघांचे, बहुतेक स्त्रियांचे, गट दिवसभर चालूं लागले, आणि पुष्कळ वर्षें तो निधि हॉलोज यांच्या संस्थेला मिळत राहिला.

यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचे सर्वच आक्षेप फेटाळण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप देखाव्याचा. रंगीत सदरे, पदकें, छायाचित्रें यांच्या गर्दींत ज्याच्यासाठीं हें सारें चाललें त्याची आठवण कितीजणांस राहते? कोणी आपल्या पर्वतारोहणाचा प्रवासखर्चही मित्रांच्या देणगींतूनच भागवूं पाहील तर त्याला दान म्हणावें कीं सहल? हा प्रश्न रास्त आहे. सरळ माणूस आपल्या सहलीचा खर्च स्वतः सोसतो व देणगीचा पैसा वेगळा ठेवतो. ज्या संस्था हा भेद स्पष्ट मांडीत नाहींत त्यांच्याविषयीं देणारानें सावध असावें.

दुसरा आक्षेप असा कीं, घरचें सोडून परदेशांत कां जावें? याचें उत्तर हॉलोज यांच्या चरित्रांतच आहे. जो आपल्या दाराशीं असलेला अंध पाहूं शकला त्यालाच डोंगरापलीकडचा दिसला. दया ही कांहीं रेशनवर मिळणारी वस्तु नव्हे, कीं एकीकडे वाढली म्हणून दुसरीकडे कमी पडावी.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. परक्याच्या देणगीवर जगणारा समाज कायमचा मिंधा होत नाहीं काय? होतो, देणगी केवळ शिबिरें भरविण्यांत संपली तर अवश्य होतो. परदेशी वैद्य आले, आठ दिवसांत कांहीं शें डोळे उघडून गेले, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणी फिरकलें नाहीं, ही पद्धत जुन्या काळीं पुष्कळ चालली. काठमांडूस उलट झालें. १९९४ सालीं उभें राहिलेलें तिळगंगा नेत्रकेंद्र ज्यांना ऐपत आहे त्यांच्याकडून पैसे घेतें आणि त्यांतून गरिबांचा खर्च भागवितें. तेथील कारखान्याचीं भिंगें परदेशांत विकलीं जातात. तेथें शिकलेले वैद्य इतर देशांत शिकवावयास जातात. घेणारा देणारा झाला, हें या दानाचें खरें फळ.

मात्र काम संपलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांत निदान २२० कोटी लोकांच्या दृष्टींत कांहीं ना कांहीं दोष आहे, आणि त्यांपैकीं निदान शंभर कोटी लोकांचा दोष टाळतां आला असता किंवा त्यावर अद्याप उपचार झालेला नाहीं. शस्त्रक्रिया नऊ मिनिटांची असली तरी तिच्यापर्यंतची वाट लांब असते. गरीब घरांत बसभाडें नसतें. सोबतीला येणाऱ्याची रोजंदारी बुडते. आणि घरांतील म्हाताऱ्याच्या डोळ्यांपेक्षां म्हातारीच्या डोळ्यांचा नंबर बहुधा मागून लागतो. म्हणून देणगीचा पुष्कळ भाग शस्त्रावर खर्च न होतां गाडीवर, भाड्यावर व दारोदार हिंडणाऱ्या सेवकांवर खर्च होतो. तो अपव्यय नव्हे. ती त्या शस्त्रक्रियेचीच पहिली पायरी होय.

तेव्हां उद्यां आपल्या शेजारचा एखादा मुलगा किंवा मुलगी असा कागद घेऊन आपल्या दारीं आली तर काय करावें? तीन प्रश्न विचारावेत. दिलेल्या रुपयापैकीं किती भाग रोग्याच्या कामीं येतो? शस्त्रक्रियेनंतर त्याला किती दिसूं लागलें याची नोंद कोणी ठेवतें काय? आणि मदत करणारे परत गेल्यावर तेंच काम करणारे हात त्या देशांत मागें राहतात काय? त्या मुलाला उत्तरें ठाऊक नसलीं तर तीं शोधून आणण्यास सांगावें. वीस मैल चालण्याची ज्याची तयारी आहे त्याला तेवढा फेरा जड जाऊं नये. आणि उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर घरांत आजोबांचा मोतीबिंदु काढला तेव्हां दुसऱ्या दिवशीं पट्टी सोडल्यावर त्यांनीं प्रथम कोणाचें तोंड पाहिलें तें आठवून, कागदावर आंकडा घालावा.